पणजी महापालिकेच्या सभागृहाकडे नेमके आहे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पणजीत पहिल्या जोरदार पावसात ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर पाणी साचले की लोकांचा राग नगरसेवकावर निघतो. निवडणूक आली की कोणाचे पॅनल आणि कोण महापौर, यापलीकडे चर्चा जात नाही. मात्र निवडून आलेल्या त्या तीस जणांच्या सभागृहाकडे शहराचा कोणता कारभार आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. त्याशिवाय आपण कोणाला आणि कशासाठी मत देतो, याला अर्थ राहत नाही.

‘महापालिका’ म्हटले की आपल्या मराठी मनात मुंबईच उभी राहते, म्हणून तिथून सुरुवात करतो. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा सगळा कारभार एका आयुक्ताच्या हाती गेला. त्याच्यावर देखरेख ठेवायची ती सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी रस्ते केले, मंडई बांधली, गटारांची कामे काढली. पण खर्च आवरेना आणि करदाते खवळले. १८७१ च्या त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी जी भूमिका मांडली ती आजही वाचण्यासारखी आहे. अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी, हे त्यांना मान्य होते. दोष त्यांना देखरेखीत दिसला. नेमलेली माणसे कोणाला उत्तरदायी नसतात, तेव्हा देखरेख करणारे सभागृह करदात्यांनी निवडावे, असे त्यांचे म्हणणे. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांचे मंडळ आले आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. १८८८ च्या कायद्याने सदस्यसंख्या ७२ झाली, त्यातले ३६ प्रभागांतून. अनेक दुरुस्त्या होऊनही मुंबईचा कारभार आज त्याच १८८८ च्या कायद्यावर चालतो. मतदानाचा हक्क मात्र फार सावकाश खाली उतरला. १९२२ मध्ये तो भाडेकरूंपर्यंत आला आणि सर्व प्रौढांना मिळायला १९४८ उजाडले.

या रचनेत आयुक्त सरकार नेमते, पण त्याची दोरी सभागृहाच्या हातात राहील अशी तजवीज केलेली आहे. अर्थसंकल्पाचे अंदाज त्याला ५ फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीपुढे ठेवावे लागतात. मोठी कंत्राटे स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय होत नाहीत. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव केला, तर सरकारला आयुक्त परत बोलवावा लागतो. शिवाय या सभागृहाच्या हाती खरोखरचे शहर आहे. तानसापासूनचा पाणीपुरवठा, केईएम आणि नायरसारखी रुग्णालये, प्राथमिक शाळा, अग्निशमन दल, आणि १९४७ पासून बेस्टसुद्धा. मुंबईच्या कारभारावर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे. तरीही नळाला पाणी आले नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे तिथल्या माणसाला ठाऊक असते.

आता आपल्याकडे पाहू. नगरसंस्था गोव्याला नवी नाही. सोळाव्या शतकात जुन्या गोव्यात लिस्बनच्या धर्तीवर सिनेट होते, पण त्यात सामान्य स्थानिक रयतेला स्थान नव्हते. १८४३ मध्ये पणजीला ‘नोव्हा गोवा’ म्हणून शहराचा दर्जा मिळाला. पोर्तुगीज अमदानीतल्या कामारा म्युनिसिपालांची जागा मुक्तीनंतर १९६८ च्या नगरपालिका कायद्याने आलेल्या पालिकांनी घेतली. निवडलेले नगरसेवक, त्यांनी आपल्यातून निवडलेला नगराध्यक्ष आणि सरकारने पाठवलेला मुख्याधिकारी, असा तो साचा आहे. मडगाव, म्हापसा, मुरगाव, फोंडा धरून राज्यातील तेरा पालिका आजही त्यावर चालतात. पणजीसाठी २००२ मध्ये वेगळा कायदा झाला. नगराध्यक्षाचा महापौर झाला आणि मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आला. पाटी बदलली, त्या मानाने कामांची यादी वाढली नाही.

ती यादी एकदा डोळ्यांखालून घाला. शहराचे पाणी ओपाहून येते, ते सरकारी खात्याकडून. मलनिस्सारण वाहिन्या आणि टोंकचा प्रक्रिया प्रकल्प सरकारी यंत्रणेकडे. मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. पथदीप वीज खात्याकडे. जमीन वापर आणि आराखडा नगरनियोजन खाते व नियोजन विकास प्राधिकरणाकडे. अग्निशमन हे स्वतंत्र संचालनालय, बससेवा सरकारी कदंब महामंडळाची, शाळा शिक्षण खात्याच्या. महापालिकेकडे उरते कचरा, बाजार, अंतर्गत रस्ते, पावसाळ्याआधीची गटारसफाई, उद्याने, स्मशानभूमी, जन्म-मृत्यू नोंदणी, व्यवसाय परवाने. आणि त्यावर भागवायला घरपट्टी, परवाना शुल्क, जाहिरात फलकांची फी, सोपो (बाजारातल्या विक्रेत्यांकडून घेतली जाणारी फी) आणि सरकारी अनुदान.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी लागू झाली. तिने बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांसाठी १८ विषय घातले. त्यात नगरनियोजन आहे, पाणीपुरवठा आहे, रस्ते-पूल, अग्निशमन आणि पथदीपही आहेत. यातली मेख कलम २४३-डब्ल्यू मध्ये आहे. हे विषय पालिकांना ‘देता येतील’ असे ते कलम सांगते, दिलेच पाहिजेत असे सांगत नाही. त्यामुळे देणे न देणे विधानसभेच्या मर्जीवर राहिले. पणजीच्या नगरसेवकाची अडचण तिथून सुरू होते.

जे एक काम पुरेसे महापालिकेकडे दिले गेले ते तिने कसे केले, हेही पाहा. दोन दशकांपूर्वी पणजीने दारोदार कचरा गोळा करून रस्त्यावरच्या कुंड्या हटवायला सुरुवात केली. पुढे सुका कचरा सोळा प्रकारांत वेगळा करण्याची व्यवस्था उभी राहिली. वसाहतींत खत तयार करणारे छोटे प्रकल्प आले आणि देशभरातून लोक ते बघायला येऊ लागले. त्यात त्रुटी आहेत, मान्य. पण काम, पैसा आणि जबाबदारी एका जागी आली की एवढे छोटे सभागृहही शहर सांभाळू शकते, याचा पुरावा आपल्या दारात आहे.

याच्या उलट अनुभव स्मार्ट सिटीचा. पणजीची निवड मे २०१६ मध्ये झाली. त्या अभियानाच्या नियमानुसार प्रत्येक शहरासाठी वेगळी कंपनी काढायची होती, भागभांडवल राज्य सरकार आणि नगरसंस्था यांचे निम्मे-निम्मे. केंद्राकडून एका शहराला ५०० कोटींपर्यंत, आणि तेवढाच वाटा राज्य व नगरसंस्थेने उचलायचा. सभागृहाचे या प्रकल्पांबाबतचे अधिकार कंपनीकडे सोपवावेत, असेही त्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. म्हणजे शहराच्या इतिहासातला सर्वांत मोठा खर्च ज्या टेबलावर ठरला, तिथे सांतिनेजचा किंवा मळ्याचा नगरसेवक बसलेला नव्हता. रस्ते खोदले गेले तेव्हा मतदार मात्र त्याच्याच दारात गेला.

पणजी ही खाडी-पाणथळीवर भर घालून वाढलेली नगरी आहे. खालच्या भागात थोडे खणले की पाणी लागते. पावसाचे पाणी गटारांच्या उतारावर मांडवीत आणि सांतिनेज खाडीत जाते. भरती आणि पाऊस एकत्र आले की ते बाहेर पडू शकत नाही, उलटे फिरते. अशा जमिनीत मलवाहिनीसाठी खणलेला चर थराथराने भरून प्रत्येक थर दाबावा लागतो. घाईत एकदम माती लोटून वर डांबर घातले, तर पहिल्याच पावसाळ्यात रस्ता बसतो. चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीला आली नाहीत तर दुचाकीस्वार पडतो. जुन्या गटाराच्या तळाची पातळी न पाहता नवे गटार जोडले, तर पाणी तिथेच तुंबते. या चुका स्थानिक माणसाला आधी दिसतात, कारण भरतीचे पाणी कुठल्या तोंडातून आत येते ते त्याला पाठ असते. पण वाहिनी एका यंत्रणेची, गटार दुसरीचे, डांबर तिसरीचे, केबल चौथीची. नगरसेवकाची तक्रार आयुक्तांकडे जाते, आयुक्त ती खात्याकडे पाठवतात, आणि खाते कंत्राटदाराकडे बोट दाखवते.

अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. उभारलेले पंप, दिवे, कॅमेरे, पदपथ आता वर्षानुवर्षे चालवावे लागणार आहेत. त्यांच्या वीजबिलाची आणि देखभालीची रक्कम सभागृहापुढे एकत्र आली पाहिजे. कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी कोणत्या रस्त्याचा कधी संपतो, त्याची तक्ताबंद यादी प्रत्येक नगरसेवकाच्या हातात हवी. त्या तारखेआधी दोष लेखी कळवला तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होते, नंतर ती घरपट्टीतून करावी लागते. जमिनीखाली प्रत्यक्ष जशा टाकल्या गेल्या तशा वाहिन्यांचे नकाशेही हवेत, नाहीतर पुढचे खोदकाम पुन्हा अंदाजानेच होणार.

महापौरपदाच्या मुदतीचाही विचार व्हावा. २००२ च्या कायद्याने ती एक वर्षाची ठेवली. मुंबईत ती अडीच वर्षे आहे. एका वर्षात काय होते ते दिनदर्शिकेवर मांडून पाहा. मार्चमध्ये निवड. एप्रिल-मे नालेसफाईत. जून ते सप्टेंबर डांबरीकरण बंद, त्यातच चतुर्थी. ऑक्टोबरात अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, खर्चाची मंजुरी, निविदा. नोव्हेंबरात इफ्फी चित्रपट महोत्सव, डिसेंबरात जुन्या गोव्याचे फेस्त आणि नाताळ. कार्यादेश निघून काम उभे राहीपर्यंत जानेवारी उजाडतो, फेब्रुवारीत कार्निव्हल आणि अर्थसंकल्प, की मुदत संपली. तीच व्यक्ती पुन्हा निवडून येऊ शकते, हे खरे. पण दरवर्षी बहुमत जमवत बसलेल्या महापौराला दोन पावसाळे लागणारे काम हाती घेणे अवघड जाते. मुदत किमान अडीच वर्षांची असावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आकाराचा मुद्दा वेगळा आहे. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ४०,०१७ होती. तीस प्रभागांनी भागल्यास एका नगरसेवकामागे साधारण १,३३० माणसे येतात. मुंबईत २२७ नगरसेवक आणि १ कोटी २४ लाख लोक, म्हणजे एकामागे जवळजवळ ५५ हजार. आपला नगरसेवक घरोघरी ओळखीचा असतो, हे पणजीचे मोठे बळ आहे. महापालिका म्हणून मात्र शहर लहान पडते. ताळगाव, सांताक्रूझ, मेरशी या पंचायतींत इमारती उभ्या राहतात, गाड्या आणि सांडपाणी पणजीच्या हद्दीत येते. पंचायती विलीन करण्याला तिथल्या लोकांचा विरोध आहे आणि तो समजण्यासारखा आहे. विलीनीकरण न करताही सांडपाणी, वाहतूक आणि कचरा या तीन विषयांपुरती महापालिका व पंचायतींची कायद्याने बांधलेली संयुक्त समिती होऊ शकते.

आणि सभागृह वेळेवर निवडून आले पाहिजे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. घटनेच्या कलम २४३-यू नुसार मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. आपल्याकडेही २०२१ मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचे प्रभाग आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केले, कारण महिलांसाठी एक तृतीयांश जागाही नीट राखलेल्या नव्हत्या. १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आणि सरकारी सेवेतल्या अधिकाऱ्याकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा ताबा देता येणार नाही, असेही सांगितले. गोव्यात तेव्हा तो ताबा कायदा सचिवांकडे होता. देशभरच्या राज्यांना लागू झालेला हा दंडक गोव्याच्या प्रकरणातून आला, हे आपण लक्षात ठेवायला हवे. प्रभागरचना आणि आरक्षणाचा मसुदा मतदानाच्या किमान सहा महिने आधी हरकतींसाठी जाहीर करण्याचे बंधन कायद्यातच घातले, तर शेवटच्या आठवड्यात न्यायालय गाठण्याची वेळ येणार नाही.

पाणी आणि मलनिस्सारण उद्याच महापालिकेकडे द्या, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. ते पेलण्यासाठी अभियंते आणि पैसा महापालिकेकडे आज नाही. सुरुवात रस्ता खोदण्याच्या परवानगीपासून करता येईल. कोणतेही खाते, कंपनी किंवा केबलवाला असो, पणजीच्या हद्दीत खोदायचे तर ऑक्टोबरच्या बैठकीत वर्षाचे नियोजन सभागृहापुढे ठेवावे. रस्ता पूर्ववत करण्याची अनामत आधी भरावी आणि खोदकाम १५ मेपर्यंत बुजवावे. त्यानंतर प्रभागाच्या नगरसेवकाची पाहणी नोंदवल्याशिवाय अनामत परत मिळू नये. पथदीप आणि पदपथ दुसऱ्या टप्प्यात, खात्यांच्या आजच्या तरतुदीसह, वर्ग करावेत. यासाठी २००२ च्या कायद्यात दुरुस्ती लागेल. ती विधानसभेत मांडण्याची विनंती पणजी आणि ताळगावच्या आमदारांना या पत्राद्वारे करीत आहे.

आपला,
पणजीतील एक करदाता