देवगिरीला गाणारा मुलगा हवा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

किशोरांसाठी छापल्या जाणाऱ्या अद्भुतकथांतले किल्ले हमखास परदेशी असतात, याचे आम्हा मराठवाड्यातील वाचकांना नवल वाटते; कारण वयात येणाऱ्या गायकाच्या कथेला लागणारे सारे देवगिरीवर आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ रचला आणि त्याच्या सात अध्यायांपैकी पहिल्यातच, स्वरांच्या आधी, देहाची उत्पत्ती आणि नाभीपासून वर चढणारा नाद वर्णिला. आवाज फुटू लागलेल्या मुलाची गोष्ट एवढ्यावर उभी राहते. शिवाय देवगिरीचा गायक गोपाल नायक याची दंतकथा आहेच. त्याचे गाणे अमीर खुसरोने म्हणे दिल्लीच्या सिंहासनाखाली लपून ऐकले!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शिष्यांना घेऊन मी किल्ल्याच्या अंधारीतून, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेतून, चढत होतो. वटवाघळांच्या उग्र वासाने सारे गप्प झाले असताना एकाने भीती घालवण्यासाठी षड्ज, म्हणजे ‘सा’, लावला. तो मध्येच चिरकला, आणि काळोखाने तो जाड करून परत दिला. एरवी खिदळणारी पोरे त्या वेळी हसली नाहीत.

अशी कथा आपण क्रमशः लिहवून घ्यावी, आणि तिच्यातील मुलगा बोलताना मराठवाडीच बोलावा, ही विनंती.

आपला,
एक गायनशिक्षक, छत्रपती संभाजीनगर