बालवाडीतल्या लेकरांच्या डोळे तपासणीसाठी हातभार लावा

नमस्कार,

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडल्या की नागपुरातल्या नंदनवन, वाठोडा भागातल्या अंगणवाड्या-बालवाड्यांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे डोळे तपासायचं मंडळानं ठरवलं आहे. चित्रांचा तक्ता आहे, तपासणारेही तयार आहेत. अडलंय ते दोन्ही डोळे मिळून खोलीचा, म्हणजे वस्तू किती जवळ नि किती दूर याचा, अंदाज घेतात की नाही, हे पाहण्याच्या साहित्यापाशी.

एक डोळा अधू असला तरी मूल चांगल्या डोळ्यावर निभावून नेतं. दोन डोळ्यांनी कसं दिसतं हे ठाऊकच नसल्यामुळे तक्रार करत नाही. पायरीवर अडखळतं, पाणी पेल्याबाहेर ओततं, आणि घरचे म्हणतात, पोर धांदरट आहे. डोळा तिरळा असला तर ‘नशीबवान’ म्हणून सोडून देणारेही आपल्याकडे कमी नाहीत. ते नशीब नव्हे, दुखणं आहे! दुर्लक्ष झालं की मेंदू त्या डोळ्याचं चित्र घेणंच सोडतो. हाच आळशी डोळा. वेळेत सापडला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढ्यानंही बहुतेकांची नजर बरीच सुधारते. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर मात्र गुण येणं अवघड होत जातं.

तपासणी खेळासारखीच असते. पोलरॉइड चष्मा लावून माशीचं मोठं चित्र दाखवायचं नि म्हणायचं, ‘पंख पकड बघू.’ खोली दिसणारं मूल कागदाच्या वर, हवेतच चिमूट धरतं. एखादं घाबरून हात मागे घेतं. ज्याला दिसत नाही, त्याचं बोट थेट कागदावर टेकतं. पण माशीची चाचणी ढोबळ आहे, एका डोळ्यानंही थोडा सुगावा लागतो. म्हणून ठिपक्यांचा संचही हवाच. त्यात लपलेला आकार एकट्या डोळ्याला सापडत नाही. अशाच ठिपक्यांच्या ‘लँग’ नावाच्या कार्डाला तर चष्माही लागत नाही, 40 सेंटिमीटरवर समोर धरायचं. चष्मा भिरकावणाऱ्या तीन वर्षांच्या पोरांसाठी तेच बरं. यात पास झालेल्या मुलाचाही एकेक डोळा झाकून तपासणार आहोतच, कारण सौम्य दोष यातूनही निसटतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, त्यांच्या कामाला ही जोड आहे. दोष आढळलेल्या मुलांना आम्ही मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्र विभागात घेऊन जाऊ. हातावर पोट असलेल्या आईबापांची त्या दिवशीची मजुरी बुडते, तेव्हा निदान ऑटोचं भाडं तरी त्यांच्यावर पडू नये.

संच, लहान मापाचे पोलरॉइड चष्मे, डोळ्यावरच्या पट्ट्या आणि हे भाडं यांसाठी जमेल ती रक्कम द्या. जुने चष्मे मात्र आणू नका, मुलाला त्याच्याच नंबरचा नि मापाचा लागतो. ऑप्टोमेट्रीचे (नजर तपासणीचं शिक्षण घेणारे) विद्यार्थी आणि निवृत्त बालवाडी शिक्षिका यांनी सकाळचे दोन तास दिले तर फार मोलाचं होईल. अनोळखी माणसासमोर बुजलेल्या मुलाला बोलतं करणं बाईंनाच जमतं.

मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी रक्कम स्वीकारली जाईल, पावती तिथेच मिळेल. खर्चाचा हिशेब तपासणी संपल्यावर फलकावर लावू.