अर्धी रुळवलेली फूटबॅग

पोर्टलंड, ऑरेगन
रविवार, सायंकाळ

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी येथे खुशाल आहे. कामाचे, जेवणाचे आणि झोपेचे तुम्हाला दर आठवड्याला फोनवर कळतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. आज कागद घेऊन बसलो, कारण या पत्राबरोबर एक लहान पार्सल पाठवीत आहे आणि त्यातील वस्तूंविषयी जे सांगायचे आहे ते फोनवर घाईघाईत सांगून होणार नाही. पार्सलमध्ये दोन फूटबॅग आहेत, म्हणजे पायाने उडवत खेळायच्या दाणे भरलेल्या लहान पिशव्या. निळी-पांढरी धाकट्यासाठी आहे. ती येथील एका वयस्कर गृहस्थांनी हाताने शिवलेली आहे. तांबडी आईसाठी आहे आणि ती मी शिवली आहे. निळी पिशवी नवीकोरी नाही, हे हातात घेताच लक्षात येईल. तिचे पांढरे तुकडे मळकट झाले आहेत आणि कापडावर थोडी लव उठली आहे. वापरलेली वस्तू भावाला पाठवली असे कृपया कोणी समजू नये. मी ती त्याच्यासाठीच घेतली आणि गेले सहा आठवडे रोज सायंकाळी खेळून रुळवली. नवी पिशवी तशीच पाठवली असती, तर त्याने दहा मिनिटांत कंटाळून ती कपाटात टाकली असती.

बाबांनी मागच्या वेळी विचारले होते की, एवढ्याशा चेंडूत रुळवण्यासारखे असते तरी काय. प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फूटबॅग मुठीत सहज मावते. व्यास साधारण 5 सेंटीमीटर आणि वजन साधारण 50 ग्रॅम. आत हवा नसते, बारीक दाणे असतात. प्लॅस्टिकचे, वाळूचे किंवा धातूचे, जसा करणारा असेल तसे. धाकट्याची पिशवी 32 तुकड्यांची आहे, 12 पंचकोनी आणि 20 षटकोनी, म्हणजे काळ्या-पांढऱ्या फुटबॉलवर जी आकृती असते तीच. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला जोडायचा म्हटला की 90 शिवणी होतात, आणि त्या सगळ्या हाताने घालायच्या असतात. या खेळातील खरे कौशल्य पिशवी उडवण्यात नसून ती पायावर झेलून थांबवण्यात आहे. त्याला येथे स्टॉल म्हणतात. नवी पिशवी थांबत नाही. कापड अजून ताणलेले नसते, शिवणी आतून ताठ असतात आणि दाणे एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले असतात, त्यामुळे ती बुटावर पडताच उसळून निघून जाते. रुळलेली पिशवी मात्र पडल्याबरोबर पसरते, आतले दाणे एकमेकांवर घसरतात, पडण्याचा जोर त्या घसरण्यातच जिरतो, आणि ती बुटाच्या टोकावर अशी बसून राहते की जणू तिची जागा तीच होती. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा मी किती तरी वेळ एका पायावर तसाच उभा राहिलो होतो.

कोणी म्हणेल की, मग सुरुवातीलाच दाणे कमी भरावेत. मीही त्या गृहस्थांना तेच विचारले होते. त्यांचे म्हणणे असे की, कापड आणि शिवण खेळता खेळता सैल होणारच. आज सैल भरलेली पिशवी दोन महिन्यांनी चिंधीसारखी लोंबेल. म्हणून ते ती मुद्दाम थोडी ठासून भरतात आणि पुढचे काम घेणाऱ्याच्या पायांवर सोडतात.

हे काम करण्याच्या पद्धती माणसागणिक वेगळ्या आहेत. येथील काही मुले नवी पिशवी दिवसभर खिशात बाळगतात आणि बसमध्ये, रांगेत, वर्गात ती तळहातात मळत असतात. काही जण वाचताना मोजा घातलेल्या पायाखाली ती सतरंजीवर पुढे-मागे फिरवतात. मी हे दोन्ही करतो, पण माझा खरा विश्वास साध्या खेळण्यावर आहे. पायाची आतली बाजू, बाहेरची बाजू आणि टोक यांनी आळीपाळीने उडवत राहिले की पिशवी सगळ्या बाजूंनी सारखी मऊ होते. हाताने मळलेली पिशवी अंगठे पडतात तेथेच आधी सैल होते, आणि मग ती हवेत वेडीवाकडी फिरते. जाणकार याविरुद्धही बोलतात, पण तीन पिशव्या रुळवल्यानंतर माझे मत असे झाले आहे.

त्या तिघींतली पहिली मी वाया घालवली, हेही सांगून टाकतो. मला घाई झाली होती. दोन दिवसांनी सर्वांबरोबर खेळायचे होते आणि पिशवी दगडासारखी होती. मी ती रात्रभर कोमट पाण्यात भिजवली आणि सकाळी बुटाच्या टाचेखाली दाबून दाबून मऊ केली. मऊ झाली खरी. पण एका पंचकोनाची शिवण उसवली, आणि आत पोलादी छर्रे असल्यामुळे चार दिवसांत फिक्या कापडावर गंजाचे डाग उमटले. ज्यांनी ती शिवली होती त्यांना दाखवायला मला धीर होईना. दाखवली तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी ती हातात घेतली, उसवलेली शिवण पाहिली आणि मला सुई-दोरा आणायला सांगितले. तेथूनच मी शिवायला शिकलो. धाकट्याच्या पिशवीत मी प्लॅस्टिकचे दाणे भरून घेतले आहेत. ती मळली तर थंड पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवावी, तिला काही होणार नाही.

आता आईच्या काळजीविषयी. व्हिडिओ कॉलवर मी लंगडताना दिसलो, तेव्हापासून या खेळाला दोष दिला जात आहे, हे मला ताईकडून कळले. घोटा मुरगळला तो ओल्या पायरीवरून घसरून. येथे हिवाळाभर पाऊस असतो आणि लाकडी पायऱ्या निसरड्या होतात. खेळाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. घोटा आता पूर्ण बरा आहे. बाबांना गुडघ्यांची भीती वाटते, म्हणून एक माहिती लिहितो. हा खेळ याच राज्यात, येथून जवळच्या ऑरेगन सिटीत 1972 मध्ये सुरू झाला. माइक मार्शल नावाच्या तरुणाने एक छोटी पिशवी बनवली होती. जॉन स्टॉलबर्गर यांचा गुडघा तेव्हा दुखापतीतून सावरत होता, आणि तो पुन्हा हलता करण्यासाठी ते त्याच्याबरोबर ती खेळू लागले. म्हणजे या खेळाच्या मुळाशी एक बरा होत असलेला गुडघाच आहे. मार्शल 1975 मध्ये अवघ्या 28 व्या वर्षी हृदयविकाराने गेले. स्टॉलबर्गर यांनी दोघांचे काम एकट्याने पुढे नेले, आणि 1983 मध्ये त्यांच्या पिशवीच्या ‘हॅकी सॅक’ या नावाचे हक्क खेळणी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीकडे गेले. आता हे खेळणारे अनेक देशांत आहेत आणि त्यांच्या जागतिक स्पर्धाही होतात. रिकामटेकड्या मुलांचा उद्योग एवढेच याचे स्वरूप नाही, हे बाबांना कळावे म्हणून लिहिले. मी दिवसाला अर्ध्या तासाहून जास्त खेळत नाही आणि कामावर त्याचा परिणाम होऊ देत नाही.

एक गोष्ट मात्र मला येथे फार दिवस समजली नाही. संध्याकाळी सहा-सात जण मैदानावर गोल करून उभे राहतात आणि पिशवी एकमेकांकडे पायाने उडवत राहतात. हात लावायचा नाही. ती प्रत्येकाच्या पायाला एकेकदा लागून गेली की त्या फेरीला हॅक म्हणतात. आता नियम असा की, पिशवी तुमच्याकडून खाली पडली तर क्षमा मागायची नाही. मी पहिल्या दिवशी प्रत्येक चुकीला ‘सॉरी’ म्हणत होतो, आणि दर वेळी कोणी ना कोणी हसून मान हलवत होते. मला वाटले, माझे उच्चार त्यांना कळत नसावेत. आठवड्याने एका मुलीने मला बाजूला घेऊन समजावले. तिचे म्हणणे असे की, या गोलात पिशवी सर्वांकडूनच पडते. जो क्षमा मागतो तो आपली चूक मोठी करतो, खेळ थांबवतो आणि बाकीच्यांना ‘हरकत नाही’ म्हणण्याच्या कामाला लावतो. दुसरा नियम याच्याच जोडीचा आहे. पिशवी उचलणाऱ्याने ती स्वतःच्या पायावर टाकून खेळ सुरू करायचा नसतो. ती हाताने हलकेच दुसऱ्याच्या पायाकडे टाकायची, म्हणजे पहिली संधी नेहमी दुसऱ्याला मिळते. जे लोक रस्त्यात नुसता खांदा लागला तरी दोनदा क्षमा मागतात, तेच येथे त्या शब्दाला मनाई करतात, याचे मला फार नवल वाटले. आपल्या घरात चूक कबूल करणे हे पहिले वळण मानले जाते, म्हणून मला ते आधी उर्मटपणाचे वाटले. आता सवय झाली आहे. तरी पिशवी पडली की तो शब्द ओठांपर्यंत येतो, आणि मी तो गिळतो.

आई, तुझी पिशवी 14 तुकड्यांची आहे, कारण 32 तुकड्यांची शिवण्याइतका माझा हात अजून बसलेला नाही. तुकडे कमी असले की गोलाई कमी येते, हे तुला दिसेलच. सुलटीवर सुलट ठेवून मी उलट बाजूने बखिया घातली आहे, तू उशांच्या खोळींना घालायचीस तशी. लहानपणी तुझ्याजवळ बसून दोरा ओवून द्यायचो, तेव्हा तुझे हात पाहिले होते, ते येथे उपयोगी पडले. शेवटची शिवण पिशवी उलटवून आणि दाणे भरून झाल्यावर बाहेरून घालावी लागते, आणि तेथे दोरा दिसता कामा नये. माझा दिसतो. तीन वेळा उसवून पुन्हा घातली, तरी दिसतो. तुला वाटले तर ती शिवण काढून तू तुझ्या हाताने घाल. दाणे सांडू नयेत म्हणून आधी एका वाटीत काढून ठेव. ही पिशवी खेळण्यासाठी नाही. तुझ्या उजव्या हाताची बोटे सकाळी आखडतात असे तू म्हणालीस, तेव्हा मनात आले की, मळण्यासाठी हाताशी काही मऊ असावे. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम मात्र सोडू नकोस.

धाकट्याला सांगावे की, पिशवी रोज थोडी खेळावी, एकाच दिवशी तासभर नको. बूट सपाट आणि रुंद टोकाचे घालावेत. पाण्यात भिजवू नये, टाचेखाली चिरडू नये, आणि एखादी शिवण उसवू लागलेली दिसली तर त्याच दिवशी आईकडून टाका घालून घ्यावा. मी तिची पायाच्या आतल्या बाजूने खेळण्याइतकी तयारी केली आहे. बुटाच्या टोकावर ती अजून नीट थांबत नाही. तेवढे मुद्दाम राखले आहे, कारण रुळलेल्या पिशवीला ज्याने खेळून मऊ केली त्याच्या पायाचे वळण लागते, आणि ही त्याच्या पायाची व्हावी असे मला वाटते.

आता पैशांविषयी. शैक्षणिक कर्जाचा या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला आहे आणि पुढच्या महिन्याचाही बाजूला काढून ठेवला आहे. लग्नासाठी म्हणून जी रक्कम वेगळी पाठवली आहे ती कर्जात वळवू नये. ती ताईचीच आहे आणि तिने ती तिच्या मनाप्रमाणे खर्च करावी. बाबांनी त्यासाठी ठेव मोडू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. मला येथे काही कमी नाही. सुट्टीच्या दिवशीचे जादा काम मी स्वतःहून मागून घेतले आहे, कोणी लादलेले नाही, तेव्हा त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

लग्नाला येण्याविषयी फोनवर मी दोन वेळा विषय बदलला, हे आईच्या लक्षात आले असणारच. खरे असे आहे की रजा मिळेल, पण व्हिसाचा नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येणार नाही, आणि त्या मुलाखतीची तारीख लग्नाच्या आधी किंवा लगेच नंतर मिळत नाही. परत येणे लांबले तर नोकरी राहील असे कोणी सांगू शकत नाही, आणि हप्ते तर थांबणार नाहीत. मी रोज सकाळी उठल्याबरोबर तारखा पाहतो. अजून आशा सोडलेली नाही, परंतु माझ्यावर अवलंबून कोणतेही काम ठेवू नये. ताईच्या पाठीशी उभे राहण्याचे जे काम माझे होते ते धाकट्याने करावे. ताईला मी वेगळे पत्र लिहायला घेतले आहे. ते चार दिवस झाले तरी दोन ओळींच्या पुढे गेलेले नाही. माझ्या स्वतःच्या स्थळांविषयी सध्या कोणाला शब्द देऊ नये. ताईचे कार्य आधी निर्विघ्न पार पडू द्यावे.

घरातील सर्व वडील मंडळींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पत्राचे उत्तर आईच्या अक्षरात यावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक मुलगा

ता. क. — पार्सल पोहोचायला वेळ लागला, तर प्रवासात निळी पिशवी पुन्हा थोडी ताठ झाली असेल. धाकट्याने पहिले दोन दिवस ती नुसती हातात मळावी आणि मग पायावर घ्यावी. बाबांनीही मळायला हरकत नाही. मी तुमच्याकडे येईन तेव्हा ती माझ्या बुटाच्या टोकावर थांबते का, हे मला पाहायचे आहे.