अकराचा फोन

हर्णै

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू आलीस ते पाचही दिवस मी बघत होतो. दुपारची आरती सुरू झाली की तू माजघरात डोक्यावरून चादर ओढून पडलेली. रात्री तीनला मला जाग आली, तर तू पडवीच्या पायरीवर मोबाइल घेऊन बसलेली. आत्या म्हणाली, "पुण्यात जाऊन पोरगी आळशी झाली गो." मी तिला तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही, ते मनाला लागून राहिलंय.

पुण्यात तू न्यूयॉर्कच्या वेळेने रात्रभर काम करतेस, तेव्हा तुला इथे रात्री झोप येत नव्हती त्यात तुझा काही दोष नाही, मनू. मी लोट्याच्या केमिकल कंपनीत बावीस वर्षं शिफ्ट केल्या, म्हणून हे सांगतो. आमची पाळी दर आठवड्याला उलटी फिरायची, म्हणजे नाईट, मग दुपारची सेकंड, मग सकाळची फर्स्ट. फर्स्टच्या आठवड्यात मी तुझ्यावर विनाकारण खेकसायचो, आठवतं ना? माझा स्वभावच तसा, असं मी धरून चाललो होतो.

एका नाईटला रिॲक्टरच्या लॉगशीटवर दर तासाचं तापमान लिहीत होतो. सकाळी शिफ्ट इनचार्जने कागद पुढे धरला. तीनपर्यंतचे आकडे रेघेत होते. चारच्या रकान्यात ८२ मधला दोन काढता काढता पेन घसरलं होतं आणि शाईची रेघ पार खालच्या कडेपर्यंत गेली होती. पाचचा रकाना कोरा. मी उभा होतो, डोळे उघडे होते, एवढंच मला आठवतं. त्या रात्री काही विपरीत घडलं नाही. पण माझ्या भरवशावर शेजारी चार माणसं काम करत होती. ती रेघ मला अजून दिसते.

पहाटे चारच्या सुमाराला शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, हे मला निवृत्त झाल्यावर वाचून कळलं. २०१७ चं वैद्यकाचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना मिळालं ते शरीरातलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधल्याबद्दल. त्यांनी ते शोधलं फळमाश्यांवर. पिकल्या आंब्याच्या आढीवर घोंघावतात ना, तसली चिलटं! ते घड्याळ मुख्यतः डोळ्यात जाणाऱ्या उजेडाने लागतं. कितीही निश्चय केलास तरी एका रात्रीत हलत नाही.

पाजपंढरीचे तांडेल भरती बघून होडी काढतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, मागे कधी येत नाही. बहुतेकांच्या अंगातलं घड्याळही तसंच, चोवीस तासांहून किंचित लांब. म्हणून झोप पुढे ढकलणं सोपं आणि अलीकडे आणणं जड. नोव्हेंबरात न्यूयॉर्कची घड्याळं मागे गेली की तुझी संध्याकाळी साडेसहाची शिफ्ट साडेसातला सुरू होते, ते तुला निभतं. मार्चमध्ये ती परत तासभर अलीकडे येते, तेव्हा तू आजारी पडतेस. आधीच्या आठवड्यापासून रोज पंधरा-पंधरा मिनिटं लवकर झोपत जा. आणि तुमचा रोस्टर कधी बदलायचा झाला, तर तो फर्स्ट, सेकंड, नाईट असा पुढे फिरवा, असं मॅनेजरला स्पष्ट सांग. मी बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. तू विचार.

रात्री दोन वाजताची ती कॉफी सोड. पाच-सहा तासांनीसुद्धा तिचा निम्मा अंमल अंगात असतो. साडेचारला कॅबमधून उतरलीस की मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेव आणि उजाडायच्या आत अंथरुणाला पाठ टेक. शनिवार-रविवारी तू चारचौघांसारखी दिवसा जागतेस आणि सोमवारी शरीराला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सुट्टीतही पाच ते नऊ एवढी झोप तरी मोडू नकोस.

आता आमची चूक. आई तुला रोज सकाळी अकराला फोन करते, नाश्ता केलास का विचारायला. पाचला झोपणाऱ्या पोरीला अकराचा फोन म्हणजे आम्हाला कुणी मध्यरात्री उठवल्यासारखं. तू कधी बोलली नाहीस, रोज उचलत राहिलीस. काल मी आईला हे समजावलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग पदराने डोळे पुसले. आता ती संध्याकाळी साडेचारला, बंदरावर लिलावाची गडबड असते तेव्हा करेल.

शिमग्याला ये. पोफळीकडच्या खोलीच्या खिडकीला जाड काळं कापड शिवून लावलंय, दुपारी बाराला दार लावलं की आत हात दिसत नाही. दिवसा त्या दाराशी कुणी फिरकायचं नाही, हे आत्यालाही सांगून ठेवलंय. पालखी आपल्या अंगणात यायला रात्रीचे दोन तरी वाजतात. तेव्हा तू जागी असशीलच.

तुझे बाबा