सूचना : शनिवारी ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला नेहमीच्याच हॉलमध्ये क्वेंटिन टॅरेंटिनोचा पहिला चित्रपट ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ (१९९२) दाखवला जाईल. दरोडा फसतो, पण तो पडद्यावर दिसतच नाही. दिसतं ते नंतरचं गोदाम, रक्ताने माखलेला शर्ट आणि एकमेकांवरचा संशय.

कान कापण्याच्या प्रसंगाला महोत्सवांत प्रेक्षक उठून गेले होते. स्पेनमधल्या सित्जेसला तर चक्क भयपटवाला वेस क्रेव्हनही! वास्तविक ऐन क्षणी कॅमेरा बाजूला वळतो. बाकीचं काम आपलं डोकं करतं. अमेरिकेत चित्रपट बेताचाच चालला, ब्रिटनने मात्र उचलून धरला. तिथे व्हिडिओचं प्रमाणपत्र १९९५पर्यंत रखडलं, त्यामुळे तो थिएटरातच पाहावा लागे.

अठरा वर्षांखालील मुलांना कृपया आणू नये, ‘शांत बसतो हो तो’ ही सबब चालणार नाही. शिव्याही सढळ आहेत. कोणाला सोसवलं नाही तर मागच्या दाराने जावं, पुढून पडद्यावर सावली पडते. चित्रपट जेमतेम शंभर मिनिटांचा आहे. नंतर चर्चा आणि चहा. पाहुणे आणायचे असतील तर शुक्रवारपर्यंत चिटणीसांना सांगावे.