बाबांच्या बोटांतला ठेका

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवर सांगणे जमत नाही. दोन वाक्ये ऐकून बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, मग आई मला जेवणाचे विचारू लागते. म्हणून बाबांच्या पार्किन्सन्सच्या आजाराविषयी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. बाबांनी रोज, निदान एक दिवसाआड, अर्धा तास तालावर अंग हलवावे, सरळ सांगायचे तर नाचावे, आणि आईनेही त्यांच्याबरोबर ते करावे, अशी माझी विनंती आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नाचायचे काय, असे बाबा विचारणारच. त्याचे उत्तर आधी देते.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले, आणि आपले वैद्य त्याला कंपवात म्हणतात, त्यामुळे सर्वांचे लक्ष कंपाकडेच जाते. प्रत्यक्षात बाबांना जास्त छळते ती हालचालीची मंदी आणि मध्येच अडणारे पाऊल. मेंदूच्या खोल भागातील, डोपामाइन हे संदेश पोचवणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू कमी होत जातात. निरोगी माणूस चालताना प्रत्येक पाऊल ठरवून टाकत नाही. ते आपोआप पडते, आणि हे आपोआप घडवणाऱ्या यंत्रणेलाच डोपामाइनची गरज असते. म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बाबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, चालताना उजवा हात झुलत नाही आणि सहीतले आडनाव शेवटाकडे बारीक होत जाते. पायांतली ताकद गेली आहे असे मात्र नाही. बाबा, मुख्य कालव्यात गाळ साचला की तुम्ही दुसऱ्या चारीतून पाणी वळवून शेतापर्यंत पोचवत होता. येथेही तसेच करायचे आहे. सवयीची वाट बुजू लागली असली, तरी कानावर पडणारा ठोका, डोळ्यांना दिसणारी खूण आणि हालचालीवर जाणीवपूर्वक दिलेले लक्ष यांच्या आधाराने मेंदू दुसऱ्या वाटेने तेच पाऊल टाकू शकतो.

मी मागच्या खेपेस मिरजेला आले होते तेव्हा सकाळी रेडिओवर भजन लागले होते. बाबांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा व तर्जनी यांची ती गोळी वळल्यासारखी थरथर चालू होती. भजनी ठेका सुरू झाला तशी बोटे मांडीवर मात्रा मोजू लागली, समेवर तळहात पडू लागला आणि थरथर दिसेनाशी झाली. भजन संपून बातम्या लागल्यावर ती पुन्हा सुरू झाली. यात चमत्कार काही नाही. हा कंप मुख्यतः हात स्वस्थ असताना येतो आणि हेतूने हालचाल केली की पुष्कळदा कमी होतो. माझ्या मनात राहिले ते निराळेच: संपूर्ण भजनात बाबांची एकही मात्रा चुकली नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या संगीतसभेत ज्याने रात्ररात्र बसून ताल धरला, त्याच्याजवळ या आजारावरचे एक साधन आधीपासूनच आहे, आणि आपण ते वापरतच नाही.

तालाच्या या उपयोगावर काम झालेले आहे. अमेरिकेतील मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या रुग्णांनी तीन आठवडे रोज अर्धा तास, ठोका ठळक केलेल्या संगीतावर चालण्याचा सराव केला, आणि त्यांचा चालण्याचा वेग व पावलाची लांबी दोन्ही वाढल्या. त्यानंतर पाच वर्षांनी, २००१ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने तेथील पार्किन्सन्स गटाच्या पुढाकाराने या लोकांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. ती पद्धत आता अनेक देशांत पोचली आहे. आपल्या पुण्यातही समकालीन नृत्याचे शिक्षक हृषिकेश पवार यांनी असे वर्ग घेतले आणि पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांनी त्यांत भाग घेतला. आपल्यासारखीच, सूनबाईंसमोर पाय हलवायला संकोचणारी माणसे त्यांत होती, हे बाबांनी लक्षात घ्यावे.

अशा वर्गाची बांधणी मला फार शहाणपणाची वाटते. सुरुवात खुर्चीवर, गोल करून बसून होते. श्वास घेताना दोन्ही हात बाजूंनी वर जातात, नजर बोटांच्या टोकामागे जाते, धड एका कुशीवर कलते आणि पुन्हा मधोमध येते. मग बसल्या बसल्या टाच, चवडा, टाच, चवडा. त्यानंतर खुर्चीची पाठ किंवा भिंतीलगतचा दांडा धरून उभे राहायचे आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा. ज्यांना जमते ते शेवटी खोलीभर चालतात आणि पुन्हा गोल करून हातात हात घेतात. शिक्षक कोणाला "पाय उचला" असे सांगत नाही. पाण्यातून चालत आहात, समोरच्याला काही देत आहात, अशी कल्पना देतो. सूचना देऊन न उचलणारा पाय कल्पनेला आणि तालाला प्रतिसाद देतो, हा त्या वर्गांचा रोजचा अनुभव आहे.

"व्यायाम तर करतोच की," असे बाबा म्हणतील. करताच, आणि फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम सोडायचा नाही. परंतु तो करताना तुमचे डोळे घड्याळाकडे असतात आणि मन पेपरातल्या बातमीत, हे मी पाहिले आहे. ज्या आजारात शरीराचा आपोआपपणाच कमी होतो, त्यात बेध्यान केलेल्या वीस उठाबशांपेक्षा लक्ष देऊन केलेल्या पाच अधिक मोलाच्या, असे माझे मत आहे. भार कोणत्या पायावर आहे, टाच आधी टेकली की चवडा, हात खांद्यातून उचलला की नुसता कोपरातून, हे पाहत हालचाल करायची आणि ती स्वतःला जरा अतिशयोक्त वाटेल इतकी मोठी करायची. या आजारात हालचाल नकळत आखूड होते. बाबांना जी मोठी वाटते ती बाहेरून पाहणाऱ्याला जेमतेम नेहमीइतकी दिसते.

अमेरिकेतील सेंट लुईस येथे मॅडलीन हॅकनी आणि गॅमन अर्हार्ट यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना अर्जेंटिनातला टँगो हा जोडीने करायचा नाच शिकवून पाहिला. टँगोच का, हे समजून घेण्यासारखे आहे: त्यात थांबणे आणि पुन्हा निघणे आहे, वळणे आहे, मागे पाऊल टाकणे आहे, आणि या सगळ्यात समोरच्या माणसाचा आधार आहे. म्हणजे पार्किन्सन्समध्ये जे जे जड जाते, नेमके तेच. त्या रुग्णांचा तोल सुधारला. तुम्हाला मी टँगो शिकायला सांगत नाही. आपल्या वारकऱ्यांच्या पावलीतही टाळमृदंगाच्या लयीत पुढे जाणे, मागे येणे, झुकणे आणि भार बदलणे आहेच, आणि बाबांनी ती तरुणपणी सांगलीच्या दिंडीत खेळलेली आहे.

आता याच्या मर्यादाही स्पष्ट लिहिते, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारे "नाचा आणि पार्किन्सन्स पळवा" छापाचे निरोप मला संताप आणतात. नाचाने पेशी परत येत नाहीत आणि आजार थांबतो असे सिद्ध झालेले नाही. बहुतेक अभ्यास थोड्या लोकांवर, थोड्या महिन्यांचे आहेत. त्यांत तोल, चाल आणि मनाची उभारी सुधारलेली दिसते, आणि सराव सुटला की लाभ ओसरतो. त्यामुळे गोळ्या, त्यांच्या वेळा आणि मात्रा यांत न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय तसूभरही बदल करायचा नाही. शेजारच्या काकांनी दिलेले कवचबीजाचे चूर्णही परस्पर घेऊ नये. खाजकुइलीच्या त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा (ज्यापासून मेंदू डोपामाइन बनवतो ते द्रव्य) असतो, आणि म्हणूनच तो गोळीतल्या लेव्होडोपात भर घालेल. नाच नकोच वाटला तर ताई-ची हा संथ, लक्षपूर्वक केलेल्या हालचालींचा चिनी प्रकार आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १९५ रुग्णांवरील अमेरिकन अभ्यासात आठवड्यातून दोनदा, सहा महिने तो करणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण नुसते ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी झाले. पण मिरजेत त्याचा शिक्षक कोठून आणायचा? ठेका मात्र घरातच आहे.

आई, आता तुझ्याविषयी. तू बाजूला उभी राहून "सावकाश, सावकाश" म्हणत राहावेस, हे मला नको आहे. मंगळागौरीला झिम्मा-फुगडीत वाड्यातल्या सगळ्या बायकांना दमवणारी तू, बाबांचे निदान झाल्यापासून त्यांच्या औषधांचे घड्याळ होऊन बसली आहेस. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील ४६९ वृद्धांच्या २००३ मधील अभ्यासात, शारीरिक छंदांपैकी केवळ नाचाचाच स्मृतिभ्रंशाच्या कमी प्रमाणाशी संबंध आढळला होता. अर्थात ज्यांचे डोके ठणठणीत तेच नाचायला जात असतील, अशीही शक्यता आहे, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही. तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी, रात्रीच्या जागरणाने आखडलेल्या मानेसाठी आणि दिवसातला अर्धा तास बाबांची परिचारिका न राहता जोडीदार होण्यासाठी तू हे करावेस, एवढेच माझे म्हणणे आहे. फुगडी नको, गिरकी नको. खुर्चीत बसून झिम्म्याच्या टाळ्या पुरेत.

सुरुवात अशी करता येईल. सकाळची गोळी घेऊन साधारण तासाभराने, तिचा अंमल चढल्यावर, बैठकीच्या खोलीतील सतरंजी गुंडाळून ठेवावी आणि हात नसलेल्या, न डगमगणाऱ्या दोन लाकडी खुर्च्या समोरासमोर मांडाव्यात. पायांत सपाता नकोत, मागून बंद असलेले बूट हवेत. पहिली दहा मिनिटे बसूनच, दादऱ्याच्या लयीत, डावीकडे-उजवीकडे झुलणे आणि हात पूर्ण उघडून मिटणे. मग केहरवा किंवा भजनी ठेका लावून बसल्या जागी पावले; बाबांच्या नेहमीच्या चालीइतकीच लय ठेवावी, कारण ती फार जलद झाली तर पावले आखूड होऊन धावू लागतात. (विलंबित एकताल बाबांना कितीही आवडत असला, तरी तो या कामाचा नाही.) उठताना क्षणभर थांबावे, कारण या आजारात आणि या औषधांनी उभे राहताच रक्तदाब उतरू शकतो. उभ्याने करायचे ते ओटा धरून, आणि मागे टाकायचे पाऊल फिजिओथेरपिस्ट समोर असतानाच. वळताना जागच्या जागी फिरू नये, अर्धगोल घेऊन वळावे. ओट्याकडे जाणाऱ्या वाटेवर पाऊलभर अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावायला मी दादाला सांगितले आहे. उंबऱ्याशी अडलात तर पुढची पट्टी पाहून मनात "धा" म्हणा आणि पाऊल टाका, पण त्या वेळी आईशी बोलू नका. चालणे आणि बोलणे एकाच वेळी केले की चालणे बिघडते.

बाबा, पाटबंधारे खात्यात असताना प्रत्यक्ष मोजल्याशिवाय तुम्ही कोणत्याही कामाचे बिल पास केले नाही. म्हणून तुमच्याकडून मला मोजमाप वही हवी आहे. बैठकीच्या दारापासून तुळशीपर्यंत किती पावले लागली, किती वेळ लागला आणि वाटेत कितीदा अडलात, हे दर रविवारी त्याच वेळी, गोळीनंतर तितक्याच अंतराने लिहून ठेवावे, आणि दिवस वाईट गेला असेल तर तेही लिहावे. येत्या बुधवारी फिजिओथेरपिस्ट घरी येतील तेव्हा हे पत्र त्यांना दाखवून काय गाळायचे ते विचारा. दिवाळीला मी येईन तेव्हा वही पाहू, आणि आकडे हलले नसतील तर मी हा हट्ट सोडेन.

ठेक्याची ध्वनिफीत दादाच्या फोनवर पाठवली आहे. तिचा आवाज आईला मोठा वाटेल, पण तो तसाच असू द्यावा.

तुमची,
धाकटी