घोडेपानीच्या भारवाहक दादांचे मनःपूर्वक आभार

नेपाळमधील ३२१० मीटर उंचीच्या पून हिलच्या पदभ्रमंतीसाठी आम्ही साताऱ्याहून मुलांसह गेलो असताना, घोडेपानीच्या मुक्कामी आमच्या लेकीला डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. विरळ हवेचा त्रास वाढण्याआधी खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय, हे सांगलीच्या एका गटासोबतच्या भारवाहक दादांनी आम्हाला समजावले, आपल्या डोकोत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, स्वतःचे जाकीट अंथरून तिला बसवले आणि कपाळावरच्या पट्ट्याने तो भार पेलत ते उल्लेरीच्या दगडी पायऱ्या उतरले. वाटेत थांबून ते तिला घोटघोट कोमट पाणी पाजत होते. खाली येताच तिने जेवायला मागितले. पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. त्या दादांचे आणि त्यांचे ओझे आपसांत वाटून घेणाऱ्या सांगलीकरांचे आम्ही कायमचे ऋणी आहोत.